भट्टी सर्वांत शेवटी घ्या: स्पेशालिटी कॉफी रोस्टिंगच्या धंद्याचा हिशेब

कॉफी भाजून विकायचा धंदा काढायचाय असं कुणी म्हटलं की पाच मिनिटांत गाडी मशीनवर येते. जर्मन घ्यावं की तुर्की, पाच किलोचं पुरेल की पंधराचं, गॅसवर चालणारं की विजेवर. व्हिडिओंतही तेच दिसतं: चकचकीत ड्रम, गोल फिरणारा ट्रे, वर जाणारा धूर. पण या धंद्यातला मोठा पैसा अडकतो गोदामातल्या पोत्यांत. भारतात कॉफीचं पीक वर्षातून एकदा येतं आणि गिऱ्हाईक मात्र दर आठवड्याला ताजी भाजलेली कॉफी मागतं. या दोन वेळापत्रकांमधलं अंतर स्वतःच्या खिशातून भरून काढणारा माणूस म्हणजे रोस्टर. भाजण्याची कला हवीच, पण दिवाळं निघतं ते बहुतेक वेळा कलेमुळे नाही, या अंतरामुळे.

म्हणून मशीनकडे नंतर येऊ. आधी माल.

कोणती कॉफी स्पेशालिटी

याची मोजपट्टी जगभर साधारण एकच आहे. कच्च्या बियांचा ३५० ग्रॅमचा नमुना घेतात. त्यात पूर्ण काळी, आंबलेली, बुरशी लागलेली बी किंवा खडा असा एकही मोठा दोष चालत नाही आणि तुटकी, किडकी बी यांसारखे छोटे दोष पाचपर्यंतच चालतात. मग नमुना हलका भाजून, दळून चाखतात. १०० पैकी ८० किंवा जास्त गुण मिळाले तर ती स्पेशालिटी. गुण देण्याच्या पद्धतीत गेल्या काही वर्षांत बदल होत आहेत, पण बाजारात बोलताना आजही '८४ चा लॉट आहे', '८६ चा आहे' असंच बोललं जातं.

चाखण्याच्या या प्रकाराला कपिंग म्हणतात आणि तो यंत्रासारखा ठरलेला असतो. दीडशे मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम कॉफी, जाडसर दळलेली. त्यावर ९३ अंशांच्या आसपासचं पाणी ओतायचं आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. वर साय धरल्यासारखा थर जमतो. तो चमच्याने मागे सारायचा आणि त्याच क्षणी नाक कपाशी न्यायचं, कारण सगळ्यांत जास्त वास तेव्हा सुटतो. कॉफी निवत आली की चमचाभर घेऊन मोठ्याने फुर्र करत ओढायची. घरी असं केलं तर आई डोळे वटारेल, पण त्यामुळे कॉफी तुषारांसारखी तोंडभर पसरते आणि वास नाकापर्यंत चढतो. एका लॉटचे पाच कप मांडतात. चार उत्तम आणि पाचवा मातकट निघाला, तर त्या पोत्यांत गडबड आहे असं समजायचं.

ज्याला रोस्टर व्हायचंय त्याने मशीनच्या आधी हे शिकावं. केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाचा 'कापी शास्त्र' नावाचा छोटा अभ्यासक्रम बंगळुरूत चालतो आणि ज्यांना पूर्ण वर्ष देता येईल त्यांच्यासाठी कॉफी क्वालिटीचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे. जिभेला सवय नसलेल्या माणसाने महागडा ड्रम घेतला, तरी आपण काय बिघडवतोय हे त्याला कळणार नाही.

आपल्याकडे हे सगळं इतकं नवं का, याचं कारण कायद्यात आहे. १९४० च्या दशकापासून मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करावी लागे. तिथे प्रतवारीनुसार भाव मिळे, पण मळ्याचं नाव पोत्याबरोबर पुढे जात नसे. म्हणजे अमुक डोंगरावरच्या अमुक मळ्याची कॉफी वेगळी विकायची सोयच नव्हती. १९९० च्या दशकात ही बंधनं टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत उठली. त्यानंतर मळेवाला आणि रोस्टर यांना थेट बोलता येऊ लागलं. दिल्लीत २०१३ मध्ये ब्लू टोकाई ही रोस्टिंग कंपनी सुरू झाली तेव्हा पाकिटावर मळ्याचं नाव छापणं हीच मोठी नवलाई होती. आता मुंबईत सुबको आहे, केसी रोस्टर्स आहे. कॉफीच्या मळ्यांपासून कितीतरी लांब असलेल्या नागपुरात कॉरिडॉर सेव्हन आहे आणि तिच्या संस्थापकाने बरिस्तांची, म्हणजे कॅफेत कॉफी करणाऱ्यांची, राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आहे.

माल कुठून आणि केव्हा

देशातली साधारण ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते: चिकमगळूर, कोडगू, हासन. मग केरळ, तमिळनाडू आणि आंध्रातलं अराकू खोरं. आपल्याकडे विदर्भात चिखलदऱ्यालाही कॉफी होते, पण तिच्यावर धंदा उभा राहील इतकी नाही. (पाकिटावर 'रत्नागिरी इस्टेट' वाचून कोकणातली कॉफी समजणारे बरेच भेटतात. तो मळा चिकमगळूरजवळ बाबाबुडनगिरीच्या रांगेत आहे.)

अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिकाची तोड साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची त्यामागून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. तोडलेली फळं धुऊन, गर काढून वाळवली तर ती वॉश्ड. फळ अख्खंच वाळवलं तर नॅचरल. थोडा गर ठेवून वाळवलं तर हनी. वाळलेला माल काही आठवडे मुरू देतात, मग क्युअरिंग वर्क्समध्ये वरचं टरफल काढून, चाळून, निवडून पोती भरतात. म्हणजे नव्या हंगामाचा माल आपल्या हाती पडतो तो मार्च ते मेच्या सुमारास.

इथे एक गैरसमज हमखास होतो. 'प्लांटेशन ए', 'एए' ही अक्षरं पाहून लोक ती चवीची प्रत समजतात. ती चाळणीची मापं आहेत. एए म्हणजे मोठी बी, पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोन चपट्या बियांऐवजी तयार झालेली एकच गोल बी. मोठी बी चवीला चांगली असतेच असं नाही. ती भाजताना एकसारखी भाजते, एवढाच तिचा भरवशाचा गुण.

वाणांची नावंही कानावरून जाऊ द्या. एस. ७९५ हे भारतातलं सर्वांत रुजलेलं अरेबिका वाण, गोडसर आणि मसालेदार अंगाचं. सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियाच्या वाणाचं रक्त आहे आणि जमलं तर फुलांचा वास येतो. चंद्रगिरी रोगाला जास्त टिकते म्हणून मळेवाल्यांची आवडती. आणि रोबस्टाला नाक मुरडू नका. भारतातल्या एकूण पिकात तिचाच वाटा सुमारे ७० टक्के आहे, नीट पिकवून धुतलेली रोबस्टा स्वतःच्या मोजपट्टीवर ८० च्या वर जाते आणि दुधात तीच टिकते.

परदेशी माल? इथिओपिया, केनिया, कोलंबियाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. कच्च्या कॉफीवरचं मूळ आयातशुल्क साधारणपणे १०० टक्के आहे. एवढं सांगितलं की पुरे.

आता खरेदीतलं दुखणं. मळेवाला चांगला लॉट डिसेंबरपर्यंत धरून ठेवत नाही. मार्चमध्ये त्याला पैसे हवेत आणि परदेशी खरेदीदार उभेच असतात, कारण आपली बहुतेक कॉफी निर्यात होते. म्हणजे वर्षभराचा माल तीन महिन्यांत ठरवून त्यातला बराचसा उचलावा लागतो. त्यात भाव कुणाच्याच हातात नाही. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका २०१९ मध्ये पौंडाला एक डॉलरच्याही खाली गेली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने चार डॉलर ओलांडले. हा आकडा सकलेशपूरच्या मळेवाल्यालाही रोज मोबाइलवर दिसतो. पाकिटावर छापलेली किंमत मात्र आपल्याला दर महिन्याला वाढवता येत नाही.

यावर पूर्ण उपाय नाही, अर्धे उपाय आहेत. एकाच मळ्यावर न अवलंबता तीन-चार मळ्यांशी वर्षानुवर्षं व्यवहार ठेवायचा. बयाणा देऊन लॉट राखून ठेवायचा आणि दोन-तीन हप्त्यांत उचलायचा. मळ्याला हे परवडतं, पण आधी दोन हंगाम वेळेवर पैसे दिलेल्या माणसालाच. नमुना चाखून सौदा केला की त्यातला थोडा माल डब्यात सील करून ठेवायचा आणि ट्रक आला की आलेल्या पोत्यातल्या मालाबरोबर तो शेजारी शेजारी चाखायचा. नमुना एक आणि माल दुसरा, हे प्रत्येक व्यापारात घडतं, इथेही घडतं.

मग साठवण. कच्च्या बीमध्ये ओलावा १० ते १२ टक्के असावा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तागाच्या पोत्यात ठेवलेली बी हवेतलं पाणी पिते, फिकट पडते, फुगते. पश्चिम किनाऱ्यावर हेच मुद्दाम करून 'मान्सून्ड मलबार' बनवतात आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण तुमच्या फुलांच्या वासाच्या सिलेक्शन ९ चं असं झालं, तर कपात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. हवाबंद प्लास्टिक अस्तराच्या पिशव्या, जमिनीपासून उंच मांडणी, भिंतीला न टेकलेली पोती आणि एक ओलावा मोजायचं मीटर: हा खर्च मशीनच्या आधीचा.

ड्रममध्ये काय घडतं

पाच किलोच्या ड्रममध्ये चार किलो माल टाकला असं धरू. ड्रम आधी २०० अंशांच्या आसपास तापवलेला असतो. गार बिया पडल्या की थर्मामीटरचा आकडा झरझर उतरतो, मिनिट-दीड मिनिटाने तळाशी थांबतो आणि वर चढू लागतो. पहिली काही मिनिटं नुसतं पाणी उडत असतं. बी हिरवट-करडी, वास ओल्या गवताचा. दीडशे अंशांच्या पुढेमागे ती पिवळी पडते आणि वास बदलून टोस्टचा होतो. इथून साखर आणि अमिनो आम्लं यांची रासायनिक गडबड सुरू होते. तपकिरी रंग आणि बहुतेक सगळी चव यातूनच येते. बीवरचं पातळ साल सुटून पंख्याच्या ओढीने बाजूच्या सायक्लोनमध्ये, म्हणजे कोंडा अडवणाऱ्या टाकीत, जातं. १९५-२०० च्या सुमारास आतली वाफ बी फोडते आणि तडतड ऐकू येते. हा फर्स्ट क्रॅक.

पुढची दीड-दोन मिनिटं हा रोस्टरचा खरा इलाका. तडतड सुरू झाल्यावर लवकर काढली तर आंबटपणा आणि फुलाफळांचे वास राहतात, पण फार लवकर काढली तर कच्च्या शेंगेसारखी चव येते. थांबलात तर गोडवा, चॉकलेटचा भाव आणि जाडी वाढते. सव्वादोनशेच्या आसपास दुसरा, बारीक क्रॅक येतो. त्यापुढे बीचं तेल बाहेर येतं आणि मळ्याची ओळख पुसली जाते. आग मध्येच फार कमी करून तापमान रेंगाळवलं, तर कॉफी ना आंबट ना कडू, नुसती सपाट होते.

काढल्यावर काम संपत नाही. घरी शेंगदाणे भाजताना गॅस बंद केला तरी कढईत ते करपत राहतात, म्हणून आपण ते लगेच ताटात पसरतो. रोस्टरखालचा फिरता ट्रे तेच करतो, फक्त खालून जोरात हवा ओढून. चार मिनिटांत माल हाताला गार लागला पाहिजे.

हे एकदा जमणं अवघड नाही. मंगळवारी जमलं तसंच पुढच्या मंगळवारी जमवणं अवघड आहे, आणि कॅफेवाला पैसे त्याचेच देतो. त्यासाठी दर बॅचची नोंद लागते: किती माल टाकला, किती तापमानाला, कोणत्या मिनिटाला पिवळी झाली, क्रॅक कधी, काढली कधी. आर्टिसन नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर हा आलेख काढून देतं. आणि सगळ्यांत स्वस्त हत्यार म्हणजे वजनकाटा. ४,००० ग्रॅम टाकले आणि रोज ३,४०० निघतात, म्हणजे घट १५ टक्के. एखाद्या दिवशी ३,४६० निघाले तर चाखायच्या आधीच समजा की आज काहीतरी वेगळं झालंय. बी जास्त वाळलेली होती, किंवा लवकर काढली गेली.

सायक्लोनमधला कोंडा रोज काढा. कागदासारखा पेटतो. रोस्टरीला आग लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

'आजच भाजलेली कॉफी' या जाहिरातीबद्दलही एक शब्द. ताज्या भाजलेल्या बीमध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो निघायला वेळ द्यावा लागतो, म्हणून तर पाकिटाला एकेरी व्हॉल्व्ह असतो. गाळून प्यायला चार-पाच दिवस, एस्प्रेसोला आठवडा-दहा दिवस ठेवलेली कॉफी बहुधा जास्त चांगली लागते. पाकिटावर भाजल्याची तारीख टाका आणि गिऱ्हाइकाला हे मोकळेपणाने सांगा.

एका किलोचा हिशेब

पुढचे आकडे धरून चाललेले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण त्यांचं एकमेकांशी नातं हेच राहील.

कच्चा माल पुण्यात पोहोच ६५० रुपये किलो. १५ टक्के घट धरली तर एक किलो भाजलेली कॉफी मिळायला सुमारे पावणेबाराशे ग्रॅम कच्चा माल लागतो: ७६५ रुपये. निवडून काढलेल्या बिया, चाचणीच्या आणि फसलेल्या बॅचा धरून म्हणू ७९०. गॅस-वीज ३०. पाव किलोची चार पाकिटं, व्हॉल्व्ह आणि लेबलसकट १००. झाले ९२०.

आता जागेचं भाडं, दोन माणसांचे पगार, देखभाल, हिशेबनीस असा महिन्याचा बांधील खर्च १,२०,००० धरा. महिन्याला २०० किलो विकली तर किलोमागे ६०० रुपये. ६०० किलो विकली तर किलोमागे २००. सगळा धंदा या दोन आकड्यांमधल्या प्रवासात आहे.

घरी विकायचं पाकीट ५५० रुपयांना. त्यातून ५ टक्के जीएसटी वजा जाता उरतात ५२४, म्हणजे किलोला सुमारे २,०९५. कुरिअर पाकिटामागे ७० धरलं तर २८०, ऑनलाइन पेमेंटचे दोन टक्के म्हणजे ४४. हाती १,७७१. महिन्याला २०० किलोच्या पातळीवर आपला खर्च १,५२०. किलोमागे अडीचशे सुटले, तेही जाहिरातीवर एक रुपया न घालवता. इन्स्टाग्रामच्या जाहिराती सुरू केल्या की हे अडीचशे कुठे जातात ते कळतही नाही.

कॅफेला किलोची पिशवी १,२५० ला, कराशिवाय. पाकिटं चार नाहीत, एक, म्हणून पॅकिंग ३०. २०० किलोच्या पातळीवर खर्च १,४५०, म्हणजे दर किलोला २०० तोटा. ६०० किलोवर खर्च १,०५०, म्हणजे २०० फायदा. तोच माल, तेच गिऱ्हाईक, तोच भाव. म्हणून 'कॅफेला विकण्यात काही सुटत नाही' म्हणणारा आणि 'कॅफेवरच आमचं घर चालतं' म्हणणारा, दोघेही खरं बोलत असतात.

आता मूळ मुद्दा. महिन्याला ६०० किलो म्हणजे वर्षाला ७,२०० किलो भाजलेली, सुमारे साडेआठ टन कच्ची. ६५० च्या भावाने ५५ लाख रुपये, आणि त्यातले बरेचसे मार्च ते मेमध्ये मोजायचे. महिन्याला नुसते २०० किलो करायचे म्हटले तरी वर्षाचा माल १८ लाखांच्या पुढे जातो. बँकेत मशीनसाठी कर्ज मागायला जाता, तेव्हा खेळत्या भांडवलाची मर्यादा त्याच बैठकीत मागा. मशीन दाखवता येतं म्हणून त्यावर कर्ज लवकर मिळतं. पोत्यांवर मिळायला हिशेबाच्या वह्या नीट लागतात.

आणि मशीन किती लागतं? पाच किलोच्या ड्रममध्ये चार किलोची बॅच, तासाला तीन. म्हणजे तासाला दहा किलोच्या वर भाजलेली कॉफी. ६०० किलोला महिन्याला साठ तास, दिवसाला तीन. पंधरा किलोचं मशीन घेऊन ते अर्धं रिकामं चालवणाऱ्यांची गोष्ट इथे आहे. अडतं ते भाजण्यात नाही, भरण्यात. ६०० किलोची पाव-पाव किलोची पाकिटं २,४००. ती मोजून, सील करून, लेबल लावून, पत्ता चिकटवून बाहेर काढायला माणसं आणि टेबलं लागतात.

सुरुवातीला तर मशीनही नको. किलोच्या आतलं नमुन्याचं छोटं रोस्टर घ्या, त्यावर चव ठरवा आणि मोठ्या बॅचा दुसऱ्याच्या रोस्टरीत तासावर किंवा किलोवर भाजून घ्या. बऱ्याच रोस्टऱ्यांची मशीनं दुपारनंतर गार असतात. विचारलं तर नाही म्हणत नाहीत. महिन्याला शंभर किलो सलग सहा महिने विकून दाखवलेत, की मशीनबद्दल बोलू.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं

कॅफेवाल्याशी बोलणं साधारण असं होतं.

"दादा, कॉफी तुमची एक नंबर आहे, पण बाराशेच्या आत बसवा. आणि पेमेंट दीड महिन्याने."

"भावाचं बघू. पण पंधरा दिवसांत पैसे हवेत. आणि ग्राइंडर लावून द्यायला, पोरांना शिकवायला मी स्वतः येतो."

या शेवटच्या वाक्यातच कॅफेचा व्यवहार टिकतो. त्यांचं पाणी बोअरवेलचं असतं, दोन महिन्यांत बरिस्ता बदलतो, ग्राइंडरच्या पात्या झिजलेल्या असतात आणि दोष मात्र कॉफीला येतो. उधारीचा हिशेबही मांडून पाहा. महिन्याला २५ किलो घेणारा कॅफे दीड महिन्याने पैसे देतो, तेव्हा सुमारे ४७,००० रुपये त्याच्याकडे अडकलेले असतात. असे दहा कॅफे म्हणजे पावणेपाच लाख, पोत्यांत अडकलेल्यांच्या वर.

कॅफेला वर्षभर एकच चव लागते, म्हणून त्यांच्यासाठी ब्लेंड करायचा. दोन-तीन मळ्यांचा माल असा जुळवायचा की ऑक्टोबरमध्ये त्यातला एक संपला तरी दुसरा बसवता यावा. एका मळ्याच्या छोट्या लॉटची मजा घरच्या गिऱ्हाइकासाठी ठेवा. तो संपला की संपला, पुढचं काय याची वाट बघणं त्याला आवडतं.

घरच्या गिऱ्हाइकाबद्दल माझं मत थोडं रोखठोक आहे. मराठी घरात कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर जायफळ. तिथे हलकी भाजलेली, फुलांच्या वासाची, ९०० रुपयांची पाव किलो कॉफी नेली तर दुधात ती सापडत नाही आणि माणूस परत इन्स्टंटकडे जातो. त्यापेक्षा मध्यम ते गडद भाजलेली, थोडी चांगली रोबस्टा घातलेली कॉफी द्या, सोबत स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर कसा वापरायचा ते दाखवा. जायफळ घालू नका असं सांगायला जाऊ नका. माटुंग्यातल्या मैसूर कन्सर्न्ससारख्या जुन्या दुकानांनी चिकोरीसह दळून दिलेल्या कॉफीवर पिढ्या सांभाळल्या आहेत. चिकोरी मिसळणार असाल तर नियमाने कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं.

कागदपत्रांचं थोडक्यात. उलाढालीनुसार एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना, जीएसटी, उद्यम नोंदणी, नावाचा ट्रेडमार्क तिसाव्या वर्गात. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, महिना-वर्ष, पत्ता आणि तक्रारीचा क्रमांक. धुराबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जागा घेण्याआधी विचारा, नंतर नाही. भाजताना येणारा वास कॅफेत मोहक वाटतो; निवासी सोसायटीच्या तळमजल्यावरून रोज तीन तास आला की शेजारी लेखी तक्रार करतात. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची २०२० पासूनची योजना आहे, त्यात कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. ती अजून चालू आहे का आणि अर्जाची मुदत काय, याची जिल्हा कृषी कार्यालयात चौकशी करा.

वाढायचं कसं

तीन वाटा दिसतात. स्वतःचा कॅफे काढायचा, दुसऱ्यांच्या कॅफेंना पुरवठा वाढवायचा, किंवा वर्गणीदार जमवायचे, म्हणजे दर पंधरवड्याला ठरलेलं पाकीट घरी जाणारे. मला तिसरी वाट सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण तीच पिकाचं आणि विक्रीचं वेळापत्रक जरा जवळ आणते. तीनशे लोकांनी वर्षाचे पैसे एप्रिलमध्ये भरले तर त्या पैशात मेमध्ये पोती उचलता येतात. त्यासाठी सवलत द्यावी लागली तरी ती बँकेच्या व्याजाशी ताडून पाहा.

स्वतःचा कॅफे हा वेगळाच धंदा आहे. त्यात भाडं, दूध, केक, पगार आणि रविवारची गर्दी सांभाळायची असते. तिथे कपामागे जास्त सुटतं आणि लोक चाखून पाकीट घेतात, हे खरं. पण कॅफे सुरू झाला की मालक भट्टीजवळ दिसत नाही, आणि त्याच्या जागी जो उभा राहतो त्याला आधी सहा महिने कपिंग शिकवलेलं नसेल तर कॉफीची चव भरकटते आणि हे पहिल्यांदा कॅफेवाल्यांच्या फोनवरून कळतं.

दुसरं, मोठं मशीन घ्यायची वेळ येते ती पहिलं दिवसाला सहा-सात तास सतत चालू लागल्यावर. मोठ्या ड्रममध्ये जुना आलेख जसाच्या तसा चालत नाही. उष्णता वेगळी धरली जाते, हवेची ओढ वेगळी असते, त्यामुळे प्रत्येक कॉफीची चव नव्याने बसवावी लागते आणि त्यात काही पोती खर्ची पडतात. ती आधीच हिशेबात धरा. आणि जुनं पाच किलोचं विकू नका. नमुने त्यावर भाजता येतात, नवशिक्या रोस्टरला हात बसवायला देता येतं, आणि मोठ्याच्या ड्रमचं बेअरिंग ऐन दिवाळीच्या ऑर्डरींत गेलं नि सुटा भाग परदेशातून यायला तीन आठवडे लागले, तर कॅफेंचा माल त्याच्यावरच रात्रपाळी करून काढावा लागतो.